रिकामा पाळणा

— नाही, खिळा नाही सापडणार तुम्हाला, उगाच वाकून बघू नका. एकसुद्धा नाही. सगळे हेच करतात, मोबाईलचा टॉर्च लावून खिळे शोधतात. अहो, खाच आहे, खाचेत लाकडाचीच खुंटी, आणि ती हलू नये म्हणून आडवी एक पाचर — संपलं. जपानी पद्धत. इथली हवा दमट, लाकूड फुगतं, सांधा उलट घट्ट होतो. खिळा मारलात तर तो गंजतो आणि लाकडालाही घेऊन जातो. जन्म गेला माझा जहाजांच्या इंजिनांत, गंज म्हणजे काय ते मला शिकवू नका. — तुम्ही नाही हो शिकवत, आमचे चिरंजीव शिकवतात.

बसा ना, कुशल. बुकित पंजांगहून आंग मो किओपर्यंत आलात, अर्धं सिंगापूर ओलांडून. ही खाली बाजारात गेलीय, आली की चहा मिळेल. जाहिरातही तिनेच टाकलीय — पाळणा, केयाकीचा, फुकट. फुकट म्हणे. केयाकी म्हणजे काय समजता? जपान्यांच्या देवळांचे खांब या लाकडाचे असतात. निवृत्त झाल्यावर एका जपानी सुताराकडे शिकायला जायचो — त्यांची करवत ढकलायची नसते, ओढायची असते, हे हाताला कळेपर्यंत दमलो मी. नातीसाठी केला हा. आमच्या तन्मयची मुलगी, अवनी. सेंगकांगला त्याच्या फ्लॅटवर बारसं होतं. आता बारशाला पाळण्यात आधी वरवंटा घालतात की नाही? घालतात. का? बायका काहीही सांगोत, मी इंजिनियर माणूस, माझ्या मते ती वजनाची चाचणी आहे. मी म्हटलं होतं, एक सोडा, तीन वरवंटे घाला आणि बघा. आणि सकाळी जाऊन पाहतो तर काय — चारही कोपऱ्यांत लोखंडी स्क्रू. ड्रिलने. वर म्हणतो, “बाबा, जस्ट टु बी सेफ.” आणि हा खांब चिरलेला, वरपासून खालपर्यंत. सून बिचारी मध्ये पडत होती, पाहुणे दारात, आणि मी — मी पाळणा टॅक्सीत घातला आणि घरी आणला. हो, भर बारशातून. पोरीला कपड्यांच्या टोपलीत निजवून नाव ठेवलं म्हणे. मला काय विचारता, मी होतो कुठे? नावसुद्धा मला हिच्याकडून कळलं.

राग? छे, राग केव्हाच गेला. — चीर कुठे शोधताय, तो खांब बदलला मी. नवा केला, खाच परत कोरली, स्क्रूची भोकं लाकडाने बुजवली. दिसतात का? नाही दिसणार. — का म्हणजे? फुकट द्यायचा म्हणून मोडका द्यायचा का? म्हणजे, तेव्हा जाहिरात नव्हती अजून, पण... जाऊ द्या हो. तन्मयने एकदा “चुकलं बाबा” म्हणावं, विषय मिटला. तो म्हणतो, बाबांनी आधी घरी यावं. घोडं तिथेच अडलंय. तिकडे पोरगी पालथी पडायला लागली. हिने व्हिडिओ पुढे धरला, मी म्हटलं चष्मा नाही. नाकावरच होता चष्मा. आता बसायला लागेल, मग पाळणा काय कामाचा — बसतं पोर पाळण्यात ठेवत नाहीत, कोसळतं बाहेर. तेव्हा न्या तुम्ही. तुमच्याकडे बाळ डिसेंबरात ना? न्या, न्या. ती बाजू धरा, मी ही धरतो —

अहो, हात काढा. हलवू नका. रिकामा पाळणा हलवतात का कधी? घरात कुणी सांगितलं नाही तुम्हाला? बाळाचं पोट दुखतं त्याने.

— कुठल्या बाळाचं, काय विचारता?

नाही. हा द्यायचा नाही. तुमचा हेलपाटा झाला, मान्य आहे, पण तुम्ही निघा. लिफ्टपाशी ही भेटेल, हातात भाजीची पिशवी असेल. तिला म्हणावं, वर येऊ नको, सेंगकांगला जायला टॅक्सी थांबव. — नको, तुम्ही काही बोलू नका, मीच सांगतो. दार ओढून घ्या जाताना.