आपला म्हणजे कुणाचा?

मंडळी, ऐका. टाळ जरा मांडीवर ठेवा. पोरांनो, तुम्ही पुढं सरका, अजून पुढं. आजची गोष्ट मुळात तुमच्यासाठीच आहे, मोठ्यांनी शेजारी बसून ऐकली तरी चालेल.

आधी एक प्रश्न. तुमच्याहून चौपट ताकदीचा शेजारी तुमच्या खांद्यावर हात ठेवतो आणि म्हणतो, 'आपण एक आहोत.' आता आनंद मानायचा, की अंगावर काटा यायचा?

उत्तराची घाई नको. शाळेच्या मैदानात सी-सॉ आहे ना? एका टोकाला एक, दुसऱ्या टोकाला दुसरा, आणि मध्ये एक बारकं पोर पाय फाकून उभं. ते जिकडं झुकेल तिकडची बाजू खाली. दोन्हीकडून हाका येतात, 'ये ना, इकडं ये!' मोठा मान असतो त्याला. पण ते एकदा टोकाला जाऊन बसलं, की मग कोण हाका मारतं? नुसतं वजन होऊन बसतं ते. एवढं लक्षात ठेवा, आणि चला माझ्याबरोबर डोंगरात.

तिवरघाट नावाचा एक घाट होता. वर पठारावर एक मोठं राज्य, त्याला आपण वरचं राज्य म्हणू. खाली समुद्राकाठी दुसरं, ते बंदराचं राज्य. आणि मधोमध हा घाट, घाटात दगडी दरवाजा, दरवाज्याला सागवानी अडसर. रीत अशी, की देसायांच्या घरातल्या माणसाचा हात लागल्याशिवाय तो अडसर उचलायचा नाही. राजा येवो नाहीतर रंक, उभं राहायचं. देसाई वारले होते, तेव्हा हात लागायचा तो त्यांच्या बायकोचा. तिचं नाव चिमाबाई.

चिमाबाईला एकच लेक, सुंदरा. ती दिली होती वरच्या राज्यातल्या एका मानकऱ्याच्या घरी. लेक गरोदर होती, पहिलटकरीण. आता पहिलं बाळंतपण कुठं असतं, आयाबायांनो? माहेरी. चिमाबाईनं खोली सारवून ठेवली, बाळंतविडा शिवून ठेवला. पण पालखी काही खाली उतरेना. आज पाठवतो, उद्या पाठवतो. दिवस भरत आले, आणि चिमाबाई रोज दरवाज्याशी येऊन वरच्या वाटेकडं बघत उभी राहायची.

का पाठवत नव्हते? तेच तर सांगतोय.

वरचं राज्य पूर्वी फार जबरदस्त. त्यांचे वकील घाटात यायचे ते घोड्यावरून न उतरता. म्हणायचे, "आमचा घाट आहे, जरा नीट झाडत जा." आणि बंदराची माणसं? ती बिचारी सुकी मासळी आणि नारळ घेऊन दरवाज्याशी उन्हात बसून राहायची. म्हणायची, "आपली ओळख असू द्या, बाईसाहेब."

मग काळ फिरला. वरचा म्हातारा राजा गेला, त्याचे दोन मुलगे एकमेकांवर तोफा डागायला लागले. बंदराला नवी गलबतं आली, नव्या तोफा आल्या, दूरच्या राजांशी दोस्ती झाली. ज्या सरदारांनी वरच्या गादीच्या शपथा घेतल्या होत्या, ते एकेक करून खाली मुजऱ्याला जाऊन आले. हवा बदलायला खाली गेलो होतो म्हणे! सगळ्यांचीच तब्येत एकदम बिघडली.

आणि एके दिवशी सकाळी बंदराचे वकील घाटात आले. विठोजी राणे त्यांचं नाव. मागं खाली, नदीच्या काठानं, तंबूच तंबू. चिमाबाईच्या तीन गावांतल्या बायका पाण्याला जायला घाबरायला लागल्या.

राणे फार गोड बोलायचे. "बाईसाहेब, आपली दोस्ती जुनी. आपण मिळून वर जाऊ. वरच्यांनी आपल्याला किती वर्षं छळलं. घाट काय, आपलाच आहे."

चिमाबाईचे कारभारी अंताजीपंत एकदम खूश. हळूच म्हणाले, "ऐकलंत? घाट आपलाच म्हणतात. म्हणजे आपल्याकडेच राहणार."

चिमाबाईनं पदर सावरला आणि विचारलं, "राणे, आपला म्हणजे कुणाचा?"

बघा हं पोरांनो, आपल्या भाषेची गंमत. 'आपला' म्हणजे अदबीनं 'तुमचा'. 'आपला' म्हणजे 'तुमचा-माझा दोघांचा'. आणि कुणी मनात धरलं तर 'आपला' म्हणजे 'माझा स्वतःचा'. एकच शब्द, त्यात तीन मालक बसलेत.

राणे हसले. "आपला म्हणजे आपला, बाईसाहेब. त्यात काय फोड करायची?"

त्यांना जेवायला वाढलं. आग्रह करून वाढलं. जेवता जेवता माणूस सैल होतो. राणे आपल्या बरोबरच्या माणसाला सहज म्हणाले, "आमच्या घाटाचा हा दरवाजा अरुंद आहे रे. तोफा जायच्या तर पाडावा लागेल."

भात वाढणारा चिमाबाईचा हात तसाच थांबला. सकाळी 'आपला', दुपारी 'आमचा'. मधे फक्त एक जेवण झालं होतं.

राणे जाताना म्हणाले, "अमावास्येपर्यंत विचार करा. नाहीतर शेजारच्या करंजघाटाचा नाईक आहेच, तिथूनही वाट वर जाते. तो तर कधीच हो म्हणालाय."

राण्यांची पाठ वळते न वळते, तोच वरच्या राज्याचे वकील आले, जिवबादादा शिर्के. घोड्यावरून न उतरणारे तेच. आज पायऱ्यांच्या खालीच उतरले. जोडे हातात घेऊन वर आले.

"चिमाबाई, घाट आपला आहे. आपण सांभाळायचा."

"आजवर 'आमचा' म्हणत होता, दादा."

"बोलायची पद्धत हो ती. आपल्यात का परकेपणा आहे?"

"मग माझी सुंदरा खाली का नाही पाठवत? दिवस भरत आलेत तिचे."

शिर्क्यांनी जोड्यांकडं पाहिलं. मग अगदी मऊ आवाजात म्हणाले, "आपली लेक सुखरूप आहे. दरवाजा बंद राहील तोवर तिची काळजी आपण घेऊच."

मंडळी, ऐकलंत? 'आपली लेक.' किती मायेचा शब्द! आणि चिमाबाईच्या पायाखालची जमीन सरकली. उघडला दरवाजा, तर वर लेक. नाही उघडला, तर खाली तीन गावं. आणि आपण नाही उघडला तरी करंजघाटाचा नाईक उघडणारच, मग लेकही गेली, गावंही गेली.

चिमाबाई दरवाज्याशी गेली. अडसरावर हात ठेवून उभी राहिली. तिच्या ध्यानात एक गोष्ट आली. ताकद असली की 'आमचा', ताकद गेली की 'आपला'. वरचे खाली आले, खालचे वर गेले, आणि मधे शब्द तेवढा या तोंडातून त्या तोंडात गेला. माणसं नाही बदलली. म्हणजे यातला कुणीच तिचा नव्हता.

अंताजीपंत म्हणाले, "जो जोरात आहे त्याच्या बाजूला जावं बाई. सगळे तेच करतायत."

"आणि उद्या त्याचा जोर ओसरला म्हणजे?"

"मग... मग पुन्हा बघू."

"तोवर दरवाजा पाडलेला असेल, पंत. कशाला हात लावून बघणार?"

तिनं डोली मागवली. "करंजघाटाला चला."

पंत दचकले. कारण करंजघाटाचा कोंडाजी नाईक आणि तिवरघाटचे देसाई यांचं कधी पटलेलं नव्हतं. दोन्ही घाटांच्या मधे कुरणाचं एक रान. नाईकाच्या गाई त्यात शिरल्या की देसायांची माणसं त्या कोंडवाड्यात घालायची.

नाईक अंगणात दोर वळत बसला होता. साठीचा गडी. चिमाबाईला बघून उठला, पण दोर काही हातातून सोडला नाही.

"या, बाईसाहेब. आज वाट चुकलात?"

"नाईक, तुम्ही बंदरवाल्यांना दरवाजा द्यायला हो म्हणालात?"

"मी? राणे तर म्हणाला, तुम्हीच हो म्हणालात."

दोघं एकमेकांकडं बघत राहिली. मग चिमाबाई घाईनं म्हणाली, "म्हणजे खोटंच सगळं. नाईक, आपण दोघांनी मिळून दरवाजे बंद ठेवले, तर कुणाचीच फौज जाणार नाही. पाऊस तोंडावर आलाय, खालच्यांना नदीकाठी बसून राहता येणार नाही. आपण एक झालो तर..."

"थांबा." नाईकानं दोराला पीळ दिला. "काय म्हणालात? आपण?"

नाईकानं रानाकडं बोट केलं.

"मागच्या महिन्यात माझी तांबडी गाय तुमच्या कोंडवाड्यात बांधली होती, बाई. मी सोडवायला आलो तेव्हा तुमच्या तोंडचा शब्द माझ्या कानात आहे. 'आमच्या रानात पाय ठेवायचा नाही.' आज तंबू दिसले, आणि रान राहिलं बाजूला, आपण झालो होय? मग त्या राण्यात आणि तुमच्यात फरक काय?"

पोरांनो, चिमाबाई देसाईण होती. कुणी तिला असं तोंडावर बोललेलं नव्हतं. डोलीचे भोई मान खाली घालून उभे राहिले. तिला राग आला. मग रागाच्या मागून लाज आली. शिर्क्यांनी जोडे हातात धरले होते ते तिला आठवलं, आणि तिनं स्वतःच्या हातांकडं बघितलं.

ती म्हणाली, "खरं आहे. भ्यालेय म्हणूनच म्हणाले. माझी लेक वर अडकलीय, नाईक. मला दुसरं काही सुचत नाही."

नाईक पुन्हा दोर वळायला लागला.

चिमाबाईनं पंतांना हाक मारली. "पंत, कोंडवाड्यात यांची जनावरं असतील ती आत्ता सोडा. आणि रानाच्या वाटेवरचं कुंपण काढा. दरवाज्याचं काय ते नंतर ठरेल. नाईक हो म्हणोत, नाही म्हणोत, कुंपण आज निघालं पाहिजे."

ती डोलीत बसली आणि परत गेली. उत्तर न घेता. वाटेत एकदाही मागं बघितलं नाही, कारण बघितलं असतं तर रडू फुटलं असतं.

तिसऱ्या प्रहरी कुंपण निघालं. संध्याकाळी नाईकाच्या गाई रानात आल्या. आणि गाईंच्या मागून नाईक स्वतः आला. दरवाज्याशी येऊन त्यानं अडसराला हात लावून पाहिला.

"लाकूड चांगलं आहे," म्हणाला. "माझा अडसर जरा कुजलाय. एक ओंडका देता?"

"न्या की. रान आपलं आहे."

नाईक तिच्याकडं बघून हसला. या वेळी त्यानं शब्दाची फोड विचारली नाही.

अमावास्येला राणे आले, तर तिवरघाट बंद. करंजघाटाला गेले, तर तोही बंद, नव्या ओंडक्यानं. त्यांनी धमक्या दिल्या, खालच्या गावातली दोन खळी जाळली. हो, जाळली. मी खोटं सांगणार नाही, फुकट काही सुटलं नाही. पण आभाळ भरून आलं, नदी फुगली, तंबू हलले.

मग दोन्ही घाटांनी मिळून वर निरोप धाडला, 'मीठ हवं असेल तर आधी पालखी उतरू दे.' समुद्राचं मीठ घाटातूनच चढायचं ना! आठवड्यात वरच्यांचं जेवण अळणी झालं. आणि एका सकाळी, धुक्यातून, भोयांचा आवाज आला.

चिमाबाईनं अडसर उचलला. पालखीतून सुंदरा म्हणाली, "आई, अगं आधी पाणी दे."

नातू झाला. गोष्ट इथं संपवली असती तर सगळ्यांना गोड वाटलं असतं. पण काही वर्षांनी वरचे भाऊ एक झाले, पुन्हा सावरले. शिर्के आले, ते घोड्यावरच. म्हणाले, "आमचा घाट कसा आहे?" चिमाबाई हसून पंतांना म्हणाली, "वरच्यांची तब्येत सुधारली वाटतं."

आणि त्याच दुपारी रानाच्या कडेला, आजोळी आलेला तिचा नातू नाईकाच्या नातवाला ढकलून ओरडला, "हे आमचं रान आहे, जा!" चिमाबाईचं हसू मावळलं. एवढ्या मोठ्या फौजेला ती भ्याली नसेल, तितकी त्या चिमुरड्या शब्दाला भ्याली. उठली, नातवाचा हात धरला, आणि त्याला त्याच्या दोस्ताच्या घरी घेऊन चालत निघाली.

मंडळी, जगातली मोठी राज्यं वर-खाली होतच राहणार. आज ज्यांची गळाभेट चाललीय, ते उद्या तोंड फिरवतील. ते आपल्या हातात नाही, आणि म्हणून झोप लागत नाही, हेही खरं. पण आपल्या गावचं काय? टाकीला पाणी कमी आलं की 'आमची वाडी'. मतं मागायची वेळ आली की 'आपली वाडी'. आत्ता, कीर्तनाला बसताना, या सतरंजीवर 'ही आमची जागा' कोण म्हणालं? नाव घेत नाही. त्यांचे कान लाल झालेत, मला इथून दिसतायत.

देवाशी तरी दुसरं काय करतो? दुखलं की 'देवा, तू आपला.' बरं वाटलं की 'आम्ही मिळवलं.'

पोरांनो, घरी जाताना मोठ्यांचं बोलणं ऐका. ते 'आपण' म्हणाले, की विनयानं विचारा, आपण म्हणजे कोण कोण? रागावले तरी विचारा.

चला, टाळ उचला. आपण सगळे मिळून नाव घेऊ.

बघा, मीही 'आपण' म्हणालो. पोरांनो, विचारा मला.