परत आलेला आहेर

हो, माझ्याच अंगठ्याने दिलं ते मत, दुसऱ्या कोणाचा हात नाही त्यात, बैस आता — त्या गठ्ठ्यावर नको, साड्या आहेत शेठच्या — खाटेवर बैस. मी धागे कापत बोलते. संध्याकाळी पर्वत पाटियाहून टेम्पो येईल, त्याला काय सांगू, आमच्या ब्लॉगच्या ग्रुपात भांडण लागलं म्हणून माल राहिला? तू बँकेतली, रजा टाकून उधन्यापर्यंत आलीस सायली, म्हणजे गोष्ट मोठी आहे, कळतं मला. चौथी शिकले, येडी नाही.

ग्रुपच्या खात्याची चावी, तो पासवर्ड, मी मागितली होती का? तुम्हीच म्हणालात — कलाबाई कोणाची भीड ठेवत नाही, ग्रुपचं मत तिच्या हातात द्या. सगळ्यांनी आपापली ब्लॉगवर कमावलेली नाणी एका खात्यात टाकली, वर त्या परदेशातल्या माणसाने आपल्या नाण्यांची ताकद उसनी दिली, तेव्हा कुठे त्या मताला वजन आलं. मत पडलं की लिहिणाऱ्याच्या खात्यात चार पैसे पडायचे — पडायचे की नाही? आपल्या ग्रुपातल्या लोटूने डाइंग मिलच्या बॉयलरवर लिहिलं, चांगलं लिहिलं, दिलं. माझ्या सख्ख्या बहिणीने दुसऱ्याचं उचलून टाकलं, नाही दिलं. ती अजून फोन घेत नाही. न घेवो.

काय? महिनाभर एकालाच. हो. पूर्ण ताकदीने. सकाळी उठायचं, चहा ठेवायचा, त्याला मत द्यायचं — मग दिवसभर मताचा जोर उतरलेला, दुसऱ्याला दिलं तरी नुसतं पाणी. उज्ज्वलाचंही माहीत आहे. पांडेसऱ्यात घरोघर फिरते बिचारी, म्हाताऱ्यांकडून कानबाईच्या सणाची गाणी फोनमध्ये भरून आणते, या महिन्याची मतं तिची ठरली होती, तिचं रिक्षाभाडंही सुटलं नाही — माहीत आहे ना मला, परत परत काय सांगते! आणि तो परदेशवाला आपली ताकद काढून घेणार, तेही ऐकलं. चावी बदलली तर थांबेल म्हणतो? बरं.

ज्याला मत देते तो कोण म्हणून काय विचारते? ग्रुपातच आहे. 'तापीकाठ' नावाने लिहितो. भूपेंद्र. माझा मुलगा.

मिट ते तोंड, माशी जाईल.

राहतो पर्वत पाटियाला. याच टेम्पोच्या रस्त्यावर. लूमवरच्या ओडिया कारागिराची मुलगी केली, लग्नाला मी गेले नाही. नाही गेले तर नाही गेले. भाऊबंद गेले, कपडे देऊन जेवून आले, मला येऊन सांगत बसले भात कसा होता. आता तो लिहितो — बायकोने रात्री भात पाण्यात भिजवला, सकाळी कांद्याबरोबर खाल्ला, हा बघा फोटो. फोन मला वाचून दाखवतो, त्यातल्या बाईच्या आवाजात, त्या बाईला त्याचं नावही नीट घेता येत नाही. तर म्हटलं, आहेर राहिलाय. आमच्यात मागून केला तरी चालतो, पोराच्या जावळापर्यंत करतात लोक. घरी जाऊन कोण करणार? मत दिलं. एकदाच द्यायचं होतं माय, खरंच एकदाच.

त्याच्या पुढच्या लेखाखाली आलं — लेखकाने बक्षीस नाकारलं आहे. आधी घ्यायचा! लोटूचं मत घेतलं, कोणाकोणाचं घेतलं. माझं पडलं आणि बंद केलं. तिथे नाव ग्रुपचं येतं, पण अंगठा कोणाचा ते त्याला ठाऊक आहे. तुमच्यात काय असेल ते असेल, आमच्यात आहेर परत आला की येणं-जाणं संपलं. मेलं तरी कोणी कोणाच्या दारात जात नाही.

मग मी काय करायचं होतं? परत दिला. त्याने नाकारला, मी पुन्हा दिला. हो, ना त्याला गेलं, ना उज्ज्वलाला, हवेत गेलं सगळं. मला वाटलं, कंटाळेल एक दिवस आणि घेईल. कंटाळत नाही. माझंच पोरगं ना. नाही गं, वाईट वगैरे काही वाटत नाही. आधी वाटायचं. आता अंगठा आपला आपण जातो, जसा या कात्रीत जातो.

घे फोन. बदल चावी. उज्ज्वलाला आजच दे, माझ्यासमोर दे, पूर्ण दे — दिलंस? दाखव. हं.

आता माझ्याकडे काय राहिलं? माझं एकटीचं खातं? त्या खात्याचं मत केवढंसं गं — काहीच नाही पडत? न पडो. पण ते भूपेंद्रला दिलं तर खाली नाव कोणाचं येईल? ग्रुपचं नाही?

माझं.

... नको. राहू दे, फोन तिकडे ठेव, पालथा. तू नीघ, ऊन होतं नंतर. आणि दार ओढून घे, कबुतरं शिरतात मालावर.