सुटलेल्या बांगड्या

अगं, मध्येच हसायचं नाही, असं कबूल कर, तरच सांगते!

आईने दिलेल्या माझ्या जुन्या सोन्याच्या बांगड्या सासूबाईंच्या आजारपणात गहाण टाकल्या होत्या ना? तेव्हापासून यांनी महिन्याचा खर्च असा आवळला, की बाहेरची कॉफी बंद आणि इथे जवळच्या दारासुरमला जायचं तरी स्कूटर नको, टाउन बस! लग्नकार्यात मी कव्हरिंगच्या, म्हणजे सोन्याचं पाणी दिलेल्या बांगड्या घालून मिरवायचे. कुण्णाला पत्ता लागला नाही!

परवा शेवटचा हप्ता भरला आणि बांगड्या सुटल्या. मी तिथेच हातात चढवल्या! काल आडुतुरै गावाला लग्न होतं. मुद्दाम हात पुढे करून करून मी सगळ्यांना चंदन-कुंकू देत होते. तेवढ्यात यांच्या आत्याबाईंनी माझं मनगट धरलं, बांगड्या फिरवून फिरवून पाहिल्या आणि मला कोपऱ्यात ओढलं.

"खरं सांग, सोन्याच्या गहाण टाकल्यास ना?"

"नाही हो आत्याबाई, याच सोन्याच्या!"

"माझ्यापासून लपवतेस? आधीच्या कशा लखलखायच्या! या मळकट बांगड्या कव्हरिंगच्या आहेत, हे मला कळत नाही होय? फिटेल गं कर्ज, धीर धर."

परतताना बसमध्ये हे सगळं सांगितलं, तर हे इतके हसले की कंडक्टर बघायला लागला. मग म्हणाले, "आता हप्ता नाही. पुढच्या महिन्यात काय घेऊ तुला?"

म्हटलं, "कव्हरिंगच्या नव्या बांगड्या! त्याशिवाय कर्ज फिटलंय हे आत्याबाईंना पटायचं नाही."