मांडीवरचं सूप

माहा जन्म नागपूरचाच, आताच्या नंदनवन कॉलनीच्या अलीकडं आमची वस्ती, अन् काय सांगू तुमाले भाऊ, तिथं घरोघरी बायका बिड्या वळत. धम्मदीक्षेच्या साली मी लहान होती, मायच्या बाजूले बसून पानं कापाची. लग्न झालं तं सासरीबी तेच, मांडीवर सूप, सुपात पानं न तंबाखू, अन् मान एकदा सुपात घातली का दिवेलागणीलेच वर.

माही सासू तं पार वाकली होती. कोनाशी बोले नाई, हासे नाई. लोक म्हनत, बुढी मुलखाची किरकिरी हाय, मलेबी तसंच वाटे. मंग आणीबाणीच्या आधीची गोष्ट, दोन लेकरं झाल्यावर मलेबी तसंच होऊ लागलं, दुपारची छाती दाटून ये, उगाच रडू ये, लेकरायवर खेकसाची. एक दिवस पोरगी म्हने, माय, तू आजीसारखी दिसून राहिली. मी घाबरलीच भाऊ. मले सासूसारखं नव्हतं व्हायचं.

मले वाटलं तंबाखूनं होते. पण विहारात वंदनेले बसली का छाती मोकळी, अन् घरी सुपापाशी आली का पुन्हा तेच. बसत तं मी दोन्हीकडं होती, मंग विहारात काहून रडू नाई? तिथं पाठ सरळ राहे. म्हनून मी सूप मांडीवरून काढून लाकडी पेटीवर ठेवलं अन् भिंतीले टेकून बसली. शेजारणी हासल्या, म्हने मास्तरीण झाली वं. हात हळू चाले, तंबाखू तोच, पण रडू नाई आलं. मंग मुद्दाम वाकून बसून पायलं, तं आलं. असं उलटसुलट करून पाहाची मी, मले मजाच वाटे.

मंग सासूले धरून भिंतीशी बसवलं, पाठीमागं गोधडी लावली, सूप पेटीवर. पाठ पुरती सरळ नाईच झाली, हाडच तसं वळलं होतं. थोड्या बिड्या वळल्या तिनं, मंग हात थांबले. माह्याकडं पाहात राहिली. म्हने, तुह्या गालावर खळी पडते वं, मले मालूमच नव्हतं. एका घरात इतके वर्षं काढले होते आमी. त्या दिवशी सरळ बसूनबी मले रडू आलं.

त्यानंतर बुढी रोज भिंतीशीच बसे, येनाऱ्या-जानाऱ्याले नावानं हाक मारे. आता ती नाई, बिड्याबी सुटल्या. मी अजून त्याच भिंतीले टेकून बसते. अन् तुमी, भाऊ, कवाचे वाकून माही गोष्ट लिहून राहिले. सुखी राहा, पण जरा वर पाहा, माही सून चहा घेऊन उभी हाय.