डग्लसचं खोकल्याचं सरबत

...आणि वर म्हणतो कसा, आलं, साखर, लिंबू, यात वाईट काय आहे? नाही, तुम्हीच सांगा, अशा माणसाला काय म्हणायचं? तेही कुठे, तर दोह्यात. तेही कधी, तर रमजानच्या महिन्यात! नव्व्याण्णव सालची गोष्ट, त्या वर्षी रमजान आणि नाताळ एकाच डिसेंबरात आले, म्हणजे बिल्डिंगमध्ये खालच्या मजल्यावर रोजे आणि वरच्या मजल्यावर केकची तयारी, आणि त्या वरच्या मजल्यावर आमचा डग्लस, मूळचा वसईचा, रास लफानच्या गॅस प्लांटवर स्टोअरकीपर, आयुष्यात कधी सिग्नल न तोडलेला माणूस, तुम्हाला सांगतो, बाथरूममध्ये दारू गाळत बसला होता. "गाळत नव्हतो," तो म्हणतो, "आंबवत होतो." बरं बाबा, आंबवत होता.

खूळ घातलं जॉनसननं. हा जॉनसन त्याच्याच स्टोअरमध्ये, समोरच्या टेबलावर. एक डोळा दाराकडे ठेवून बोलतो, "डग्लस मॅन, एकदम सिंपल. आलं किस, साखर घाल, लिंबू पीळ, कोमट पाणी, चिमूटभर यीस्ट, आणि दहा दिवस विसरून जा. जिंजर बिअर तयार!" आता तुम्ही म्हणाल, डग्लसनं ऐकलं कशाला? अहो, वसईत नाताळाला घरोघरी घरची वाइन असते, आणि हा पाच नाताळ पेप्सीवर काढलेला माणूस. दारूचं परमिट म्हणजे मोठ्या साहेबांचं काम. पकडला गेला तर पुढचं विमान थेट मुंबईचं, हेही त्याला ठाऊक होतं... पण आलं किसून झालं होतं हो. किसलेलं आलं काय टाकून द्यायचं?

मग काय, वीस लिटरची पाण्याची बाटली, बाथरूमच्या कोपऱ्यात, बादलीमागे. तोंडाला फुगा, फुग्याला टाचणीचं भोक, म्हणजे आतली हवा सुटत राहते. घरात फुगा होता तो वाढदिवसातून उरलेला, गुलाबी, वर हॅपी बर्थडे. रोज सकाळी डग्लस दाढी करायला उभा राहिला की आरशात मागे तो फुगा, कालच्यापेक्षा थोडा मोठा. तिसऱ्या दिवसापासून डग्लस बाथरूमबाहेर उभा राहून, आरसा हातात धरून दाढी करायला लागला. शुक्रवारी मिस्सेला गेला, कुमसाराला, म्हणजे फादरपुढे पाप कबूल करायला, मात्र बसला नाही. लायनीत उभा राहिला, नंबर जवळ आला तशी बुटाची नाडी बांधायला वाकला, तो लाइन संपेपर्यंत वाकलेलाच.

आणि बायको, लुसी? तिनं विचारलं ना, "काय आहे रे हे बादलीमागे?" तर म्हणाला, "खोकल्याचं सरबत. आलं, साखर, लिंबू." यीस्टचं नाव नाही काढलं. लुसी हॉस्पिटलात रेकॉर्ड सेक्शनला, दिवसभर एसीखाली, नाक वर्षभर बंद, तिला वास येण्याचा प्रश्नच नाही. म्हणाली, "बरं केलंस, सगळ्यांनाच खोकला झालाय." नऊ वर्षांच्या संसारात पहिलं खोटं बोलला, तेही आल्याबद्दल. त्या दिवशी त्याला दुपारचं जेवण गेलं नाही.

आता खालचे. बशीर आणि हमिदा, रत्नागिरीकडचे. बशीर सूकमध्ये, म्हणजे तिथल्या बाजारात, अत्तराच्या दुकानात. मराठीत गप्पा माराव्यात, मराठीत भांडावं अशी हक्काची माणसं. लुसी बाळंत झाली तेव्हा याच हमिदानं पंधरा दिवस डबा पोचवला, आणि डग्लसला लायसन्स मिळेपर्यंत बशीर दर शुक्रवारी त्यांना आपल्या गाडीतून मिस्सेला सोडायचा आणि बाहेर पेपर वाचत थांबायचा. रमजानात तर हमिदाकडून रोज दुपारी भरलेलं भांडं येणार म्हणजे येणार. एक दिवस हरीस, एक दिवस भजी, एक दिवस फिरनी. आणि भांडं रिकामं परत करायचं नाही, ही रीत रत्नागिरीचीही आणि वसईचीही. लुसी कधी केक घालायची, कधी केळी. आलं ना लक्षात पुढे काय झालं ते?

पुढच्या शुक्रवारी डग्लसनं ते सगळं पेप्सीच्या अठरा बाटल्यांत भरलं. रविवारी प्लांटवरून घरी फोन केला, सहज, दूध आणायचं का विचारायला. लुसी रमजानच्या टायमिंगमुळे लवकर घरी आलेली. म्हणते, "दूध आहे. घरात बाकी काही नव्हतं, आणि हमिदाचं भांडं परत करायचं होतं. मग तुझ्या सरबताच्या दोन बाटल्या दिल्या. बशीरभाईंचा घसा बसलाय ना, इफ्तारला बरं पडेल."

तुम्हाला सांगतो, डग्लसच्या हातातला रिसीव्हर गरम झाला. रोजा! दिवसभर पाण्याचा थेंब न घेतलेला माणूस आपल्या हातची दारू पिऊन रोजा सोडणार! "परत आण," म्हणाला. "का?" "तसंच." "दिलेली वस्तू परत मागू? डग्लस, तुला बरं आहे ना?" आता ऑफिसात समोर जॉनसन, बाजूला मॅनेजर, बोलणार काय? त्यानं हमिदाला फोन लावला. "भाभी, ते सरबत... बहुतेक बिघडलंय." तर ती माउली काय म्हणते, "छे हो भाऊ, कायतरीच तुमचं. कसला झक्क आल्याचा वास येतोय. ह्यांना मी फोनवर सांगितलं, डग्लसभाऊंनी स्वतःच्या हातानं केलंय." स्वतःच्या हातानं! यानं हळूच फोन ठेवला.

अडीचची बस. ऐंशी किलोमीटर. अजान पावणेपाचला. तीनपर्यंत बस हललीच नाही, का, तर कुणा एका इंजिनियरचं हेल्मेट राहिलं होतं. डग्लस पुढे जाऊन ड्रायव्हर श्यामला सांगतो, "श्याम भाई, यल्ला, जल्दी चलो." श्याम म्हणतो, "साब, आपका रोजा है क्या?" नाही रे बाबा, माझा नाही, ज्याचा आहे त्याचा मी मोडायला निघालोय... हे मनात. रस्ताभर तोच हिशोब. आलं, साखर, लिंबू, यात वाईट काय आहे? काही नाही. मग तोंडाला कोरड का पडलीय? मनातल्या मनात भाषणं तयार केली, बशीर, तुला सांगायचं राहिलं. बशीर, एक गंमत झाली. छे, गंमत कसली? ज्यानं आपल्याला मिस्सेला सोडलं त्याला आपण काय पाजायला निघालो? दोह्यात शिरताना ट्रॅफिक, जो तो घरी पळतोय. फरीज बिन ओमरानच्या सिग्नलला अडकल्यावर याला राहवलं नाही, उतरला आणि धावत सुटला. चाळिशीचा माणूस, सेफ्टी शूज घालून.

बशीरचं दार उघडंच. खाली कापड अंथरलेलं, खजूर, भजी, फळं, आणि ग्लासात पिवळं सरबत ओतून ठेवलेलं. बशीर मांडी घालून बसलेला, हमिदा बाजूला.

"बशीर, पिऊ नकोस ते."

"का रे? काय आहे त्यात?"

"आलं..." धाप लागलेली, "आलं, साखर, लिंबू..."

"मग?"

"आणि यीस्ट."

झालं. एकदा तो शब्द तोंडातून सुटला आणि सगळंच बाहेर आलं. जॉनसन, फुगा, दहा दिवस, लुसीशी खोटं बोललो, भाभींचा दोष नाही, लुसीचा नाही, सगळा माझा, माझ्याशी संबंध तोड पण हे पिऊ नकोस. बोलता बोलता रडायलाच लागला.

बशीरनं बाजूची जागा दाखवली. "बस," म्हणाला. "मला माहीत होतं. तुझं नि माझं बाथरूम एकावर एक, दहा दिवस वास येतोय. अत्तरात चौदा वर्षं काढली, मला कळणार नाही? घरी आलो तशा मी त्या बाटल्या आधी सिंकमध्ये ओतल्या. ग्लासात आहे ते टँग आहे."

"मग बोलला का नाहीस?"

"रोजा आहे ना. रोज्यात कुणावर रागवायचं नाही, वाईट बोलायचं नाही. तुला माफ करून टाकलं, विषय संपला."

अहो, दोन थोबाडीत दिल्या असत्या तर परवडलं असतं! डग्लस मान खाली घालून त्या माफीखाली बसून राहिला, आणि तेवढ्यात अजान झाली. बशीरनं खजूर खाल्ला, पाणी प्यायला, तोंड पुसलं, आणि मांडी बदलून डग्लसकडे वळला.

"हां. आता सुटला रोजा. आता ऐक, मेल्या..."

आणि तुम्हाला सांगतो, जे सुरू झालं! तुला अक्कल आहे का, पोराबाळांचा माणूस तू, नोकरी घालवायचीय का, डिपोर्ट व्हायचंय का, आणि त्या बिचाऱ्या लुसीच्या हातानं पाठवतोस? तिला आज सांगायचं, आत्ता, आणि उरलेलं सगळं ओतायचं! मधे नमाजला उठला, डग्लसला वाटलं सुटलो. परत आला आणि राहिलेलं पूर्ण केलं. हमिदा आपली ताटात भजी वाढतेय, "खा हो भाऊ, गार होतील." सोळा बाटल्या त्याच संध्याकाळी ओतल्या. लुसीला सांगितलं, लुसी पुढचे चार दिवस फक्त भांड्यांशी बोलत होती, ते वेगळं.

पण त्या संध्याकाळी निघताना दारात डग्लसनं भीत भीत विचारलं, "म्हणजे... आता माफ नाही केलंस?"

"उद्या पहाटे करीन, रोजा लागला की," बशीर म्हणाला. "संध्याकाळी अजान झाल्यावर परत ये."

ईदेला अजून एकोणीस दिवस होते.