डाव्या दारावरची रेघ

हॅलो?… हॅलो, धुरपदा?… अगं मीच बोलतोय. कळंबातून… व्हय, पोचलो. मल्लेशनं मोटारसायकलवर आणून सोडलं. दुकानात हाय… कपड्याच्या न्हाय, गाडीच्या सामानाच्या. स्टँडच्या मागं, सिद्धारामचं… व्हय, हॉर्न विकतो तोच.

ऐक ना. आपली गाडी कोणत्या सालची?… सिद्धाराम विचारतोय. सालावरून रंग बघावा लागतो म्हणं… आठव जरा… बराबर. सृष्टीचं जावळ काढलं त्या साली. येरमाळ्याला… आता कितवीला हाय ती?… सिद्धाराम, नात नववीला हाय, आन तिचं जावळ काढलं तेव्हा पोरानं गाडी घेतली. आता साल तूच काढ.

तुला न्हाय गं, दुकानदाराला म्हणलो… गाडी आणली असती तर त्यानं बघून सांगितलं असतं, ते मलाही कळतं. पण मग ती रेघ अख्ख्या कळंबानं बघितली असती.

रंग काय सांगू?… पांढराच म्हणलो मी. तो म्हणतो पांढऱ्यात चार पांढरे असतात… ज्वारीच्या पिठाचा?… कोणत्या ज्वारीच्या?… बरं. सिद्धाराम, मालदांडीच्या पिठाचा पांढरा… हसतोय तो. पण बाटली काढली त्यानं.

हे बघ, वेळ कमी हाय. योगीराज पाचपर्यंत येतो म्हणलाय. त्याच्या आधी मी घरी पाहिजे, आन घासून झालेलं पाहिजे… न्हाय, तेवढा वेळ हाय. तेरखेड्याला वळणार हाय तो, सृष्टीला फटाके घ्यायला. दिवाळीच्या तोंडावर तिथं शिरलेला माणूस लवकर निघत न्हाय.

मागच्या खेपेला काय बोलला तो, ध्यानात हाय ना?… व्हय, जेवताना, तुझ्यासमोरच. ‘अण्णा, आता गाडीवर एक जरी नवा ओरखडा दिसला, तर किल्ली मी पुण्याला घेऊन जाणार.’… बोलतो तसं करतो तो. माझ्यावर गेलाय… मग दर बुधवारी शांताक्कांकडं वाशीला कसं जायचं? तुझे गुडघे यष्टीची पायरी चढणार हायत का?… मग. जा गाडीपशी.

पोचलीस?… डाव्या दारावरची ती रेघ बघ. फाटकाची… बरं, माझी म्हण. पण गाडी सरळच चालली व्हती. फाटकाचीच कडी बाहेर आली व्हती. शांताक्कांच्या पुतण्याला विचार… न्हवता का तो तिथं? बरं झालं.

आता त्या रेघेवर नख फिरव. आडवं… अंगठ्याचं फिरव, करंगळीचं कशाला… अडकतं का?… म्हणजे नख आत जातं, का नुसतं खरखर लागतं?… सिद्धाराम म्हणतो, नख अडकलं तर तिथं रंग भरावा लागतो. न्हाय अडकलं तर कंपाउंडवर भागतं… कंपाउंड. भिंतीचं न्हाय, डबीतलं. मलमासारखं असतं… खालच्या अंगाला अडकतं? किती?… सिद्धाराम, चार बोटं अडकतं. बाकी न्हाय.

आन बॉनेटवर बघ. शेळीच्या खुरांचं… चढणारच की ती. सुबाभळीखाली गाडी लावायला तूच सांगितलंस. सावली गाडीला, पाला शेळीला… बरं, कुणी सांगितलं ते सोड. नख फिरव… न्हाय अडकत. शेळी हलकी हाय आपली.

थांब, डबीवर काय लिवलंय बघतो. मागं मराठीत हाय, मुंगीएवढं… ‘कोरड्या… व… थंड… पृष्ठभागावर… लावावे.’ पृष्ठभाग म्हणजे वरची बाजू… शांताक्कांनी ऐकलं असतं तर म्हणल्या असत्या, पुन्हा वाच. उन्हात तापल्या पत्र्यावर घासायचं न्हाय, असं म्हणतंय ते. गाडी सावलीला घ्यावी लागंल… तू न्हाय. तू हात लावू नको.

आता इथं तीन डब्या मांडल्यात यानं. कंपाउंड जरा खरडतं, त्यानं रेघ निघती. पॉलिशनं चमक येती. आन हे तिसरं मेण… मेणानं काय व्हतं रे, सिद्धाराम?… झाकतं म्हणं. रेघ आत तशीच ऱ्हाती, वरून दिसत न्हाय. चार वेळा धुतली की परत दिसती… मला तर हेच पटतंय. योगीराज तीन दिवस ऱ्हाणार. तीन दिवस झाकली म्हणजे झालं.

आन एक बारकी बाटली हाय, झाकणालाच कुंचला. ती त्या चार बोटांना… अगं सुनबाईची नखपालिश कशी चालंल? ती लाल हाय.

टूथपेस्ट?… कुणी सांगितलं?… मोबाइलनं. सिद्धाराम, दाताची पेस्ट चालती का रे?… तो म्हणतो बारीक रेघंला चालती थोडी. सगळ्याला चालली असती तर त्यानं दुकान कशाला टाकलं असतं.

मग काय घेऊ?… तू सांग. तुला काय…

हा आवाज कसला येतोय?… खसाखसा… न्हाय, इथला न्हाय. तिकडचा. धुरपदा, तू घासतीयस का काय?… कशानं?… राखंनं. … आन चिंच. … गाडीला… अगं ते देव हायत का पितळंचे?… कधीपासनं?… मी निघाल्यापासनं. मग मघाशी नख कुठं फिरवलंस?… कडंला. जिथं घासायचं राहिलंय तिथं… काथ्या खाली ठेव… ठेवलास?… आता काय दिसतंय ते सांग… रेघ गेली. बरं. आन?… भाकरीएवढं काय?… मंद झालंय. चमक न्हाय… व्हय, ताट धुतल्यावर उजळतं. ते पितळ असतं. हा रंग हाय. खाली पत्रा हाय.

सिद्धाराम, राखंवर काय हाय तुझ्याकडं?… राखंच्या रंगावर न्हाय. राखंनं घासल्यावर… चिंच लावून, काथ्यानं… भाकरीएवढं… तिन्ही डब्या परत उलटून बघतोय गं तो.

रडू नको. रडायला काय झालं. सगळी मोटार थोडीच घासलीस… बॉनेट राहिलंय ना? मग. चांगल्यासाठीच केलंस. माझी रेघ झाकायला केलंस, मला कळत न्हाय का… आता डोळे पूस, त्याच हातानं न्हाय, चिंचंचा हात हाय. आन—

हॉर्न कुणाचा वाजला?… आत्ता? योगीराज?… फटाके?… सृष्टीला नको म्हणं. शाळेत शपथ घेतली, धूर करायचा न्हाय… बराबर हाय पोरीचं. पण ह्याच साली कशाला घेतली… पदर धर दारावर… पुरत न्हाय का?… मग तूच उभी ऱ्हा तिथं. हालू नको. फोन चालूच ठेव—

हां… हां. योगीराज. पोचलास?… लवकर पोचलास… मी कळंबला. काम व्हतं जरा. हरभऱ्याचं बियाणं बघायला आलतो… सिद्धाराम, जरा हळू बोल बाबा… कुणी न्हाय, दुकानदार… व्हय, ‘पॉलिश’ म्हणला तो. आजकाल बियाण्याला पण करत्यात.

आई दारात उभी हाय? मग असंल. तिचं घर हाय… गाडीच्या दारात. बरं… सरकत न्हाय म्हणतोस. गुडघे दुखत असतील तिचे.

हां… सरकली. … बघितलंस. …

काय म्हणती ती?… धुताना तिनंच केलं. आन आधी रेघबीघ काय न्हवतीच, असं म्हणती… तिला बोलू नको… योगीराज, आवाज खाली. आईवर न्हाय चढवायचा… ऐक. ऐक ना माझं.

रेघ माझी हाय. राख तिची हाय.

फाटकाला लागली. वाशीला, शांताक्कांच्या. मागच्या बुधवारी… वळवत व्हतो मी… न्हाय, कडी बाहेर न्हवती. फाटक जागेवरच व्हतं… आईला मी तसं सांगितलं व्हतं. तिला न्हाय पटलं, तरी तिनं मानलं… बियाणं न्हाय. ह्याच कामाला आलोय. दुकानदाराचं नाव सिद्धाराम… व्हय, हॉर्नवाला.

बोलला व्हतास, मान्य हाय. घेऊन जा किल्ली. गाडी तुझीच हाय, तू दुसरी नवी घेतलीस तेव्हा ही इथं ठेवलीस. मी न्हाय कुठं म्हणतो?… पण एक ऐकून घे, मग घेऊन जा.

शांताक्कांना आता अजिबात दिसत न्हाय. मागच्या उन्हाळ्यात निदान उजेड तरी कळायचा… पुतण्या कामावर जातो सकाळीच… फोनवर वाचून बघितलं, दोनदा. ऐकू पण कमी येतं त्यांना. कानाशी बसून मोठ्यानं वाचावं लागतं… वाचतं की दुसरं कुणी. शेजारची पोरगी वाचती. पण ती भराभरा वाचती. मी अडखळत वाचतो, ते त्यांना बरं पडतं. मधनं चुका काढता येत्यात.

तू शाळेत व्हतास… देवळात रात्रीचा वर्ग चालवायच्या त्या. तिथं मला अक्षर आलं, पन्नाशीला टेकलो व्हतो तेव्हा. तुझ्या आईला माझ्या आधी आलं. तुझ्या दहावीला शाळेत अंगठा दिला मी, आन बारावीला सही केली… व्हय, मास्तरनं दोनदा बघितली. तुला ध्यानात हाय का ते?… मला वाटलं विसरलास.

काय वाचतो म्हणजे, पेपर. पहिल्यांदा निधनवार्ता… हसू नको, त्यांची पद्धतच हाय ती. कोण गेलं आन कधी गेलं, एवढं आधी सांगायचं. ‘दुःखद’ आन ‘आकस्मिक’ वाचायचं न्हाय. ते सगळ्यांचंच असतं म्हणत्यात. मग ज्वारीचा भाव, मग उरलेलं गाव.

आन तुझी आई. मी वाचत असतो तेव्हा ती त्यांच्या पायाला तेल लावती. आठवडाभर त्याची वाट बघती ती… यष्टी न्हाय जमत. मागं चढवायला गेलो तर खालनं कंडक्टर आन वरनं मी. तिनं पुन्हा न्हाय म्हणून सांगितलं… रिक्षात कोंबत्यात रे, गुडघा वाकत न्हाय तिचा.

किती दिवस, ते मी कसं सांगू? पंच्याऐंशीच्या पुढं हायत त्या… तोवर. तोवर किल्ली राहू दे इथं. पुढं मी आपणहून देईन, तुला मागावी लागणार न्हाय… शपथ कशाला? शपथ सृष्टीनं घेतली, तेवढी बास झाली घरात.

… हॅलो?… हाय का?… वाटलं रेंज गेली. डाग बघतोयस व्हय वाकून?

कोणतं घेतलं म्हणतोस?… तीन डब्या हायत. कंपाउंड, पॉलिश आन मेण. शिवाय कुंचल्याची बाटली… मेण नको? त्यानं झाकतं पण… झाकायचं न्हाय म्हणतोस. बरं… आधी कंपाउंड, मग पॉलिश… राखंच्या डागाला पण तेच? जातो का तो?… पुष्कळसा. म्हणजे थोडा ऱ्हाणार. राहू दे… कापड?… सिद्धाराम, ते मऊ कापड असतं का, मोटारीचं?… हाय म्हणतो. धोतराचं जुनं फडकं चालणार न्हाय का?… तूच घासणार? तू दमून आलायस, बस… बरं, दोघं घासू. ऊन उतरल्यावर. पृष्ठभाग थंड पाहिजे… डबीवर लिवलंय. मी वाचलं.

आईला म्हणावं चहा ठेव. हात साबणानं धू म्हणावं आधी.

आन किल्लीचं काय म्हणलास मघाशी?… न्हाय आलं ऐकू. इथं यष्टी चाललीय बाहेरनं… पुन्हा बोल… किल्ली काय?… हॅलो?… हॅलो?

गेली रेंज. सिद्धाराम, मेण ठेव परत. ह्या दोन दे, आन ती बारकी बाटली.

*

हॅलो?… योगीराज का?… मी अण्णा. जेवलास का?… आमचं व्हायचंय. चिवडा पोचला ना सगळा? सृष्टीनं खाल्ला?… बरं.

ऐक, गाडीची किल्ली खुंटीला अडकवलीय. पुढच्या खेपेला घेऊन जा… न्हाय, कुठं लागली न्हाय… दार तू घासलंस तसंच हाय. डाग दिसतो, पण सांगितल्यावर दिसतो… बॉनेट पण चांगलं हाय. शेळी बांधलेली असती आता… फाटकात घातलीच न्हाय गाडी, बाहेर रस्त्यावरच लावली… न्हाय, पोलिसानं कशाला धरावं… माझे डोळे चांगले हायत. काय झालं न्हाय मला.

आई बरी हाय. ओट्यावर बसलीय. तेलाची बाटली हातातनं ठेवलेली न्हाय तिनं… गाडीत मागच्या सीटवर पेपर हाय, घडी मोडायचा राहिलेला. तेवढा काढून घेतो, मग गाडी रिकामीच हाय… अरे मी म्हणलो व्हतो ना, आपणहून देईन म्हणून. ती हीच येळ.

हां… तेच सांगतोय. ते आधी सांगायचं असतं. माझ्याकडनं मागं राहिलं.

शांताक्का वारल्या. काल, बुधवारी सकाळी, तुळशीचं लग्न झालं त्याच्या दुसऱ्या दिवशी.