मासे जगले, कोळंब्या मेल्या

मी, खाली सही करणारी, वय ६१ वर्षे, धंदा रसायनशास्त्राच्या खासगी शिकवण्या, राहणार पोस्ट ऑफिसच्या मागची इमारत, दुसरा मजला, मुलगा व सून यांच्यासह. पोलीस ठाण्यात समक्ष हजर राहून विचारल्यावरून जबाब देते की,

शोभिवंत माशांच्या दुकानदारास माझ्या मुलाने मंगळवारी ढकलले. त्यात दुकानदाराचे मनगट मोडले. त्याने विकलेल्या मिठामुळे आईच्या टाकीतले जीव मेले म्हणून राग अनावर झाला, असे मुलाचे म्हणणे आहे. हे खरे नाही.

माझ्या खोलीत खाऱ्या पाण्याची लहान काचेची टाकी आहे. तीत जिवंत प्रवाळ, दोन मासे, कोळंब्या, खेकडे व गोगलगाई होत्या. रविवारी मी नव्या पिशवीतले मीठ विरघळवून थोडे पाणी बदलले. सोमवारी सकाळी पाहते तो कोळंब्या व खेकडे उताणे पडलेले. एका खेकड्याचे पाय अजून थरथरत होते. प्रवाळ मिटून बुळबुळीत झाले होते. मासे व गोगलगाई ठीक होत्या.

मी लगेच पाणी तपासले. खारेपणा नेहमीइतका, कोळंब्यांना घातक असणारे तांबे शून्य, अमोनिया जवळजवळ नाही. संध्याकाळी पुन्हा तपासले तेव्हा अमोनियाच्या नळीत गडद हिरवा रंग आला. मुलगा मागे उभा होता. म्हणाला, "सापडलं बघ! मिठातच विष आहे." मी म्हणाले, "अरे, सकाळी नव्हतं. मेलेलं कुजायला लागलं की अमोनिया होतो. आधी मेले, मग तो आला." शिवाय स्वयंपाकघरात बरणीत दोन खेकडे वेगळे ठेवले आहेत. त्यांना त्याच मिठाचे पाणी दिले होते. ते आजही मजेत फिरत आहेत.

मंगळवारी मुलगा मला घेऊन दुकानात गेला व दुकानदारास म्हणाला, "तुमच्या मिठानं वाट लावली. आईला आता टाकी नको, परत घ्या." दुकानदार माझ्याकडे वळून शांतपणे म्हणाला, "ताई, पाण्याचा नमुना द्या. प्रयोगशाळेत पाठवू, काय ते कळेल." त्यावर मुलाने त्याला ढकलले. दुकानदार मांडणीवर आदळला. हे मी डोळ्यांनी पाहिले. त्याने शिवी दिली नव्हती, हात उगारला नव्हता.

पाण्याची तपासणी म्हणताच मुलाचा तोल का गेला, हे मला खटकले. घरी येऊन टाकीचे झाकण उचलले. आतल्या बाजूला तेलकट डाग होते व त्यांना झुरळांच्या फवाऱ्याचा वास होता. झुरळ आणि कोळंबी यांच्या शरीराची घडण मिळतीजुळती आहे. त्या औषधाचा अंशही कोळंबीला पुरतो, मासा तेवढ्यात तगू शकतो. माझ्या तपासणीच्या पेटीत या औषधासाठी बाटली नाही. म्हणून पाण्याचे आकडे चांगले होते.

प्रवाळ सडून तुकडे सुटले होते. मी ते हाताने काढत होते. खोलीत उभे राहवत नव्हते. मुलगा दारात ताट घेऊन जेवत होता. मी विचारले, "झाकण काढून फवारलंस?"

"दोनदाच. टाकीमागच्या भिंतीवर टीव्ही लावायचाय, कधीपासून सांगतोय. तू ऐकतेस कुठे?"

"आणि त्या माणसाचा हात?"

"होईल बरा." मग घास चावत म्हणाला, "ते आधी संडासात टाक गं, जेवण जात नाही."

त्याने ताट मात्र पुसून खाल्ले.

टाकीतल्या पाण्याची बंद बाटली व ते झाकण मी पंचांसमक्ष जमा केले आहे.

आज येताना मुलगा गाडीत म्हणाला, "आई, मीठ खराब होतं एवढंच सांग. प्लास्टिकचे प्रवाळ मिळतात, ते आणून देतो. धुताही येतात." मी खिडकीची काच खाली केली.

हे सर्व टंकलिखित करून मला ऐकवले. मी सांगितले तसेच ते उतरले आहे. जबाब मुलाच्या विरोधात जातो, काही गाळायचे आहे का, असे हवालदारांनी विचारले. गाळायचे काही नाही. मुलगा बाहेर गाडीत बसला आहे, त्याने माझ्यासाठी थांबू नये, एवढा निरोप द्यावा.